पोचा राहिला तर राहू द्या, गंज नको

भांड्याला पोचा पडला म्हणून आपल्याकडे कुणी ते टाकून देत नसे. पितळेचं पातेलं ओट्यावरून घसरलं, कड चेपली, तरी पुढची वीस वर्षं त्यात भात शिजायचा. भांडं बाद व्हायचं ते भोक पडल्यावर. मोटारीच्या पत्र्यालाही हाच न्याय लावायला हवा, असं माझं मत आहे. फरक एवढाच, की मोटारीचा पत्रा पितळेचा नसतो, लोखंडाचा असतो. त्यावरचा रंग एकदा तडकला आणि आपण दुर्लक्ष केलं, की पोचा हळूहळू स्वतःच भोक पाडून घेतो.

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षं पत्राकाम शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सोसायटीतली मंडळी मला गाडीजवळ नेऊन विचारतात, ‘सर, मागून जरा लागलंय, घरी होईल का हे?’ त्या प्रश्नाचं उत्तर आज सविस्तर द्यायचं आहे. उत्तर थोडक्यात असं: कातडीला लागलं असेल तर होईल, हाडाला लागलं असेल तर होणार नाही. आणि कातडीचं कामसुद्धा गाडी नवी दिसावी म्हणून करायचं नाही, ती सडू नये म्हणून करायचं.

‘जुनी गाडी’ म्हणजे कोणती, हेही आधी स्पष्ट करतो. मारुती ८०० आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी अँबॅसिडरही थांबली. त्या पिढीतल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या साध्या गाड्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत. अगदी नव्या गाड्यांबद्दल मी बोलत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे सेन्सर सक्तीचे झाले. काही गाड्यांच्या बंपरमागे रडारही असतं. शिवाय त्यांच्या सांगाड्यात जे जास्त ताकदीचं पोलाद असतं, ते तापवलं की त्याची ताकद जाते. अशा गाडीच्या वाटेला घरी जाऊ नये.

आता पैशाचं गणित. जुन्या गाडीचा विमा बहुतेक वेळा फक्त तृतीय पक्षाचा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं तेवढाच सक्तीचा आहे. आपल्या गाडीच्या पोच्यासाठी त्यातून एक पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी हिशेब करावा लागतो. सलग पाच वर्षं दावा केला नाही, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. एक दावा केला, की पुढच्या नूतनीकरणाला ती सूट शून्यावर येते. वर नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मीच किंमत धरतात, आणि गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर धातूच्या भागांचीही निम्मीच. किरकोळ पोच्यासाठी दावा केला, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

मात्र एक लक्षात ठेवा. धडकेत कुणाला इजा झाली असेल, समोरच्याशी वाद असेल, किंवा दावा करायचं तुम्ही ठरवलं असेल, तर गाडीला हात लावू नका. आधी फोटो काढा, समोरच्या गाडीचा नंबर टिपून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. सर्वेक्षकानं पाहण्यापूर्वी केलेली दुरुस्ती तुमच्याच अंगावर येते. आणि स्वतःची मान दुखतेय का, याकडे दोन दिवस लक्ष ठेवा. मागून बसलेल्या झटक्याचं दुखणं अनेकदा दुसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. गाडीआधी माणूस.

आता तपासणीकडे येऊ. पहिल्या अर्ध्या तासात हातोडी बाहेर काढायचीच नाही. हातात मोजपट्टी आणि बॅटरी घ्यायची.

सगळ्यात आधी वास घ्या. बहुतेक मोटारींत पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला तळाशी असते. पेट्रोलचा जरासाही वास आला, खाली ओल दिसली, तर गाडी सुरू करायची नाही. मेकॅनिकला गाडीपाशी बोलवायचं. डिकीत सीएनजी किंवा एलपीजीची टाकी असेल, तर धक्का कितीही हलका असो, टाकी, तिचे पट्टे आणि नळ्या अधिकृत केंद्रात दाखवून घ्यायच्या. सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, ती उगीच नाही. या दोन बाबतींत घरगुती अंदाज चालत नाहीत.

मग फटी बघा. डिकीचं दार आणि अंग यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? मागची दारं पूर्वीसारखीच लागतात का? डिकी उघडा आणि तिच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्यापर्यंत आणि उलट. मोजपट्टी नसेल तर सुतळी चालेल. दोन मापं जुळली तर चौकट शाबूत आहे. एका बाजूचं माप बोटभर कमी आलं, तर चौकट तिरकी झाली आहे.

त्यानंतर स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्याखालचा तळ बॅटरीच्या उजेडात नीट पाहा. या गाड्यांना पूर्वीच्या जीपसारखी वेगळी चासी नसते. तळ, दोन्ही बाजूंच्या लांब पोकळ पट्ट्या आणि बाहेरचं अंग मिळूनच सांगाडा बनतो. जोराचा धक्का बसला तर तो बंपरमधून या पट्ट्यांत शिरतो आणि तळाला सुरकुत्या पडतात. धुतलेल्या सतरंजीला घड्या पडाव्यात तशा. तळाच्या सांध्यांवर जो रबरी लेप असतो, त्याला ताजी चीर गेलेली दिसते. सुरकुती किंवा चीर दिसली, मागचं चाक एका बाजूनं कमानीला चिकटलेलं वाटलं, किंवा सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढायला लागली, तर हाड दुखावलं आहे. ते काम ओढून सरळ करणाऱ्या यंत्रावर होतं. सीटचा किंवा पट्ट्याचा खिळा हलत असेल, तरी तेच. तिथे बचत शोधू नये.

आणखी एक तपासणी आहे. ती फारसं कुणी करत नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. गाडी पळत असते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. डिकीचं दार नीट बसत नसेल, त्याच्या कडेचं रबर एका जागी सुटलं असेल, तर तो धूर आत खेचला जातो. मारुती ८०० सारख्या गाड्यांत डिकी आणि बसायची जागा यांमध्ये भिंत नसते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घाटात काचा बंद करून तीन तासांचा प्रवास, मागच्या सीटवर मुलं झोपलेली. ती झोप प्रवासाची आहे की त्या वायूची, हे पुढच्या माणसाला कळत नाही. म्हणून धडकेनंतर दोन गोष्टी पाहायच्याच. सायलेन्सरचा नळ वाकून कुठे फुटला आहे का, आणि डिकीचं रबर सगळीकडे दाबून बसतंय का. रबराची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. एक पट्टी रबरावर ठेवा, डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. अडखळत, घासत आली तर रबर दाबतंय. सुळकन निघून आली तर तिथे फट आहे. दर वीतभर अंतरावर अशी पट्टी लावून पूर्ण चौकट तपासा.

या सगळ्या परीक्षांत गाडी पास झाली, तर घरचं काम सुरू करायला हरकत नाही.

माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. गेल्या हिवाळ्यात सिग्नलला उभा असताना मागून एका टेम्पोनं अलगद टेकवलं. बंपर डाव्या कोपऱ्यात आत गेला, त्याच्या वरच्या पत्र्याला पसाभर पोचा आला आणि डाव्या दिव्याची काच तडकली. चौकशी केली तर एका गॅरेजवाल्यानं सगळी मागची बाजू रंगवायचा आकडा सांगितला. आकडा ऐकून गाडीच त्याला द्यावी असं वाटलं. मग दोन शनिवार-रविवार काढून मीच काम केलं. ते कसं केलं, त्याच क्रमानं सांगतो.

सुरुवात उकलण्यापासून. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडायची. मागचा दिवा, बंपर, आतलं पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं अस्तर काढायचं. काढलेला प्रत्येक बोल्ट कागदाच्या पुडीत घालून पुडीवर जागा लिहायची. जुन्या गाडीचे बोल्ट गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तर सकाळी डोकं तुटत नाही, बोल्टचंही आणि आपलंही. बंपरखाली हात घालण्यासाठी गाडी उचलावी लागली, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. खाली पक्के स्टँड हवेत.

आता एक लोहचुंबक घ्या. फ्रिजवर लावतात तसलाही चालेल. तो पातळ कापडात गुंडाळून पोच्याच्या आसपास फिरवा. जिथे चुंबक धरत नाही, तिथे पूर्वी कुणीतरी पुट्टी भरलेली आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत असं पुष्कळदा निघतं. अशा जागी हातोडी मारली तर जुनी पुट्टी पोपड्यासारखी गळते. ती आधीच खरवडून काढलेली बरी.

बंपर प्लास्टिकचा आणि नुसताच चेपलेला असेल, तर हातोडीची गरजच नाही. उकळतं पाणी लागतं. या बंपरचं प्लास्टिक तापलं की मऊ होतं आणि आपल्या मूळ आकाराकडे जायला बघतं. हातात जाड मोजे घालायचे, पोच्यावर दोन्ही बाजूंनी दोन-तीन किटल्या उकळतं पाणी सावकाश ओतायचं आणि आतून तळव्यानं रेटायचं. ‘टक्’ असा आवाज होऊन भाग बाहेर येतो. लगेच वरून गार पाणी ओतायचं, म्हणजे आकार धरून राहतो. भेग गेली असेल, तर तिच्या शेवटच्या टोकाला तीन मिलिमीटरचं बारीक छिद्र पाडा. भेगेचं टोक टोकदार असतं, सगळा ताण तिथे एकवटतो आणि भेग पुढे पळते. गोल छिद्रात तो ताण विखुरतो. या प्लास्टिकला साधे गोंद धरत नाहीत. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना छिद्रं पाडून आतून तारेनं शिवलेलं जास्त टिकतं. फायबरच्या बंपरला मात्र हे उपाय चालत नाहीत.

पत्र्याचा पोचा काढणं ही खरी कारागिरी. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. मोठ्या डब्याचं पातळ झाकण मध्ये दाबा. ते आत जातं आणि बोट काढलं की परत येतं. पत्रा वाकला होता, पण मोडला नव्हता. आता तेच झाकण टेबलाच्या कडेवर दुमडा. तिथे जी घडी पडते, ती आपोआप जात नाही. मोटारीच्या पोच्यात हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. कडेनं एक घडी पडलेली असते, आणि मधला मोठा भाग केवळ त्या घडीनं दाबून धरलेला असतो. शिकाऊ मुलगा पहिला घाव घालतो तो खड्ड्याच्या मध्यावर, कारण डोळ्याला खोल तेच दिसतं. हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला. मध्य निर्दोष असतो. घडी सोडवली की मधला भाग बहुतांशी आपणहून वर येतो. म्हणून नियम असा: धडकेत जे शेवटी वाकलं, ते आधी सोडवायचं. पोच्याच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून आत-आत यायचं.

आता ठोका कसा द्यायचा? पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम तुम्ही पाहिलं असेल. तांब्याचा हंडा लोखंडावर धरून त्यावर एकसारखे ठोके देतात. त्या ठोक्यांनी तांबं दबतं, घट्ट आणि कडक होतं. हंड्याला ते हवंच असतं. मोटारीच्या पत्र्याला मात्र मठारलेलं चालत नाही. हा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. लोखंडी हातोडी आणि लोखंडी ठोकळा यांच्या कचाट्यात तो सापडला, की पातळ होऊन पसरतो. पसरलेल्या पत्र्याला पूर्वीच्या जागेत मावता येत नाही. मग तिथे फुगा येतो, आणि तो बोटानं दाबला की डबडब करत आत-बाहेर करतो. तो फुगा आटवायला पत्रा तापवून गार करावा लागतो. ते घरचं काम नव्हे.

त्यामुळे घरी लाकूड आणि रबर वापरा. आतून लाकडी मोगरी किंवा गोल केलेला लाकडी ठोकळा, बाहेरून तळहात किंवा वाळू भरलेली घट्ट पिशवी. घाव एकच, पण जोराचा, असं नको. हलके, पुष्कळ आणि प्रत्येक वेळी बोटभर जागा बदलून ठोके द्या. मध्येमध्ये थांबून पत्र्यावरून तळहात फिरवा. हातात पातळ सुती मोजा घातला तर उंचसखलपणा आणखी चांगला कळतो. या कामात डोळा फसवतो, हात फसवत नाही. पोचा ऐंशी टक्के वर आला की थांबा. उरलेल्या वीस टक्क्यांच्या हौसेपायीच पत्रा बिघडतो.

इथे अनेकांची घालमेल होते. ‘थोडा दबलेला दिसतोच की!’ दिसू द्या. तुमच्या वेळापत्रकात यापुढचं काम जास्त महत्त्वाचं आहे.

पोच्याच्या जागी रंगाला बारीक तडे गेलेले असतात. आतल्या बाजूचा रंगही पोपडे होऊन सुटलेला असतो, आणि तो आपल्याला दिसत नाही. त्या तड्यातून पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचली, की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आजूबाजूचा चांगला रंगही उचलून धरतो. मग तिथेही पाणी शिरतं. अशी ही पसरत जाणारी गोष्ट आहे. कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे हे आणखी झपाट्यानं होतं. मालवण-रत्नागिरीकडच्या मंडळींना मी वेगळं सांगायला नको.

म्हणून सुटलेला रंग आणि गंज चकाकतं लोखंड दिसेपर्यंत काढायचा. ८० नंबरचा काचकागद घ्या. जिथे जुना रंग संपतो तिथली पायरी १८० आणि मग ३२० नंबरनं इतकी घासा, की डोळे मिटून बोट फिरवलं तर काठ लागता कामा नये. गंजावर पुट्टी भरणं म्हणजे पू न काढता जखमेवर पट्टी बांधणं. वरून छान दिसतं, आत काम चालूच राहतं.

घासलेली जागा थिनरच्या कापडानं पुसा, आणि त्यानंतर तिथे उघडा हात लावू नका. हाताच्या घामानंही उघडं लोखंड गंजतं. त्याच दिवशी पुट्टी भरा. दोन भाग मिसळून वापरायची पुट्टी मिळते. लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा हार्डनर पुरतो. उन्हाळ्यात ही पुट्टी चार-पाच मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून एका वेळी थोडीच कालवा. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून जास्त लागत असेल, तर पोचा अजून वर यायला हवा, असा त्याचा अर्थ. वाळल्यावर लाकडी ठोकळ्याभोवती काचकागद गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर खाचा पडतात.

पुट्टी घासताना पाणी वापरू नका, हे मी मुद्दाम सांगतो. धूळ उडू नये म्हणून बरेचजण इथेच वॉटर पेपर लावतात. पण ही पुट्टी पाणी पिते. ते पाणी रंगाखाली कोंडलं जातं आणि काही महिन्यांनी रंगावर फोड येतात. कोरडंच घासा, नाकातोंडावर चांगला मास्क बांधा आणि काम मोकळ्या हवेत करा. वॉटर पेपर वापरायचा तो प्रायमर वाळल्यानंतर, ४०० आणि ६०० नंबरचा.

प्रायमर आणि रंग एकाच मोटाररंगाच्या दुकानातून, एकमेकांना चालणारे घ्या. घरच्या खिडक्यांसाठी आणलेला रेड ऑक्साइड बाहेरच्या बाजूला लावून त्यावर लॅकरचा स्प्रे मारला, तर खालचा थर सुरकुततो. पत्र्याच्या आतल्या बाजूला मात्र तोच रेड ऑक्साइड दोन हात द्या, वाळला की वर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर. हे काम कुणाला दिसत नाही, पण गाडीचं आयुष्य त्यावर ठरतं. डिकीच्या दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं किंवा पुट्टीनं बुजली असतील तर तारेनं मोकळी करा.

रंगाचा क्रमांक बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या पत्रीवर कोरलेला असतो. पण पंचवीस उन्हाळे खाल्लेला रंग त्या क्रमांकाशी जुळत नाही. पेट्रोलच्या झाकणासारखा एखादा सुटा भाग दुकानात नेऊन त्यावरून रंग कालवून घ्या. स्प्रेचा डबा वीतभरापेक्षा थोडा लांब धरा, हात सतत चालता ठेवा आणि एका जाड थराऐवजी चार पातळ थर द्या. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. ढगाळ, दमट दिवशी हे करू नका, रंगावर पांढुरकी धुरी धरते. गॅरेजमध्ये वापरतात तो दोन भागांचा पीयू रंग घरी मारायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा धुळीचा मास्क त्यांना अडवत नाही.

शेवटी दिवे. तडकलेल्या काचेतून पाणी आत गेलं की परावर्तकाचा मुलामा उडतो आणि दिवा मिणमिणता होतो. काच जोडत बसू नका. जुन्या गाड्यांचे दिवे बाजारात मिळतात, नवा बसवा. ब्रेकचा आणि रात्रीचा दिवा पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बमध्ये असतो, २१ वॅटची एक तार आणि ५ वॅटची दुसरी. म्हणून रात्रीचा दिवा लागतोय यावर समाधान मानू नका. कुणाला तरी मागे उभं करा, ब्रेक दाबा आणि दोन्ही बाजूंचे दिवे सारखेच उजळतात का ते विचारा. एक मंद असेल तर होल्डर किंवा अर्थिंगची वायर काचकागदानं घासून स्वच्छ करा. मागून लाल चमकणारे परावर्तकही शाबूत हवेत. पहिली धडक किरकोळ होती. ब्रेकचा दिवा बंद राहिला तर दुसरी किरकोळ असेलच असं नाही.

नंबरपाटी वाकली असेल, तर ठोकून सरळ करून रंगवू नका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता महाराष्ट्रात उच्च सुरक्षा पाटी लावावी लागते. तिची कुलुपं एकदा काढली की तुटतात, पुन्हा बसत नाहीत. खराब पाटीच्या बदली पाटीसाठी रीतसर अर्ज करावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची नोंदणी नव्यानं करायची असते. त्या वेळी पाटी, दिवे आणि पत्रा हे सगळं निरीक्षकासमोर येतंच.

माझा खर्च किती झाला, हे विचारलं जाईलच. दिवा, पुट्टी, काचकागद, प्रायमर आणि रंग मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. आजही माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या बाजूला संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो पोचा दिसतो. रंगही अर्धी छटा गडद आहे. डेंटिंग-पेंटिंगचा चांगला कारागीर हे माझ्यापेक्षा शतपटीनं सुबक करेल, आणि त्याची मजुरी त्याच्या हाताची आहे, ती द्यायलाच हवी. ज्याला गाडी पूर्वीसारखी दिसायला हवी, त्यानं त्याच्याकडेच जावं. पण खर्च परवडत नाही म्हणून जे लोक तडकलेला रंग आणि फुटका दिवा तसाच घेऊन वर्षानुवर्षं फिरतात, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे. सुबकपणा थांबू शकतो. गंज, धूर आणि ब्रेकचा दिवा थांबू शकत नाहीत.

तुमच्या गाडीला असा जुना पोचा असेल, तर मृग लागायच्या आत एक सुट्टी काढा. आधी कागदाच्या पट्ट्यांनी डिकीचं रबर तपासा, मग ब्रेकचे दिवे आणि मग रंगाचे तडे. पट्टी सुळकन निघून आली, तर बाकीचं राहू द्या आणि आधी ती फट बुजवा.